सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस

"अहो… दांडी डावीकडे आहे. हा माझा हात आहे."

तिने दचकून डोळे उघडले. खरंच की! तलावाच्या उथळ बाजूला भिंतीलगत एक स्टीलची दांडी होती, घाबरटांसाठी मुद्दाम बसवलेली. शिट्टी वाजली, "डोकं पाण्यात!" असा हुकूम सुटला आणि तिने डोळे मिटून हाताला लागेल ते घट्ट पकडलं. ते निघालं एका परक्या माणसाचं मनगट. लालभडक झालेलं.

"सॉरी… मला वाटलं दांडीच आहे."

"इतका वाळलोय का मी?" तो म्हणाला. पण हसण्याचं त्राण त्याच्यातही दिसत नव्हतं. ओठ निळे, टोपी कानावर ओढलेली, आणि दुसरा हात दांडीला असा काही चिकटलेला, की सोडवायला पाना लागावा.

तिला घरात आणि दारात सगळे मनी म्हणत. लहानपणी आंघोळीचं नाव काढलं की ती मांजरासारखी पलंगाखाली पळायची, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. ते चिकटलं ते चिकटलंच. आणि गंमत अशी, की पाण्याला भिणारी ही मनी पोटासाठी समुद्राचेच नकाशे काढायची. कुठे पाणी किती खोल, कुठे बुडालेला खडक, कुठे वाळूचा उंचवटा… जहाजावरचे लोक खोली मोजून आकडे पाठवत, आणि ती कचेरीत बसून ते आकडे नकाशावर बसवत असे. अर्ध्या समुद्राचा तळ तिला तोंडपाठ होता. पण पाणी गुडघ्याच्या वर चढलं, की तिचा जीव कासावीस व्हायचा.

आता मात्र सुटका नव्हती. सर्वेक्षणाच्या जहाजावर नकाशेवाल्याची एक जागा निघाली होती. मोहीम लांबची, वर्षभराची. तिने धीर करून अर्ज केला होता आणि चक्क निवड झाली होती. अट एकच… खोल पाण्यात तलावाची पूर्ण लांबी न थांबता पोहून दाखवायची. आली का पंचाईत!

"तुम्ही डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होतात," ती म्हणाली. बोलत राहिलं की पाण्याकडे लक्ष जात नाही, एवढं तिला कळलं होतं. "मंत्र?"

"संख्या."

"फोन नंबर? कुणाचा?"

"लावून बघा. कुणी उचलायचं नाही." आता तो खरंच हसला. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस."

"एवढी मोठी! कशाची?"

"कशाचीच नाही. नुसतीच आहे… पण फार गुणी आहे."

तेवढ्यात डोक्यावर शिट्टी कडाडली. शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. पांढरे केस, पहिलवानाचे खांदे. "गप्पा मारायला बागेत बाकं आहेत! हे गृहस्थ तिसऱ्यांदा पहिलीत बसलेत, तुम्हाला त्यांच्या पंगतीला बसायचंय का?"

मनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"तिसऱ्यांदा?"

"पाठीचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणाले, पोहा. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला…"

तो एका वर्तमानपत्रासाठी कोडी बनवत असे. रोज सकाळी लोक चहाच्या कपाशेजारी पेन्सिल घेऊन जी आकड्यांची कोडी सोडवतात, ती हा कुठल्यातरी खोलीत पाठीचा पार कणा वाकवून तयार करायचा. त्या दिवसापासून ती त्याला कोडेवाले म्हणू लागली, आणि तो तिला नकाशेवाली.

पुढच्या तासाला त्याने तिला ती संख्या दाखवली. काठावरच्या कोरड्या फरशीवर ओल्या बोटाने त्याने एकेक अंक काढला… ७३९३९१३३. पाणी ओघळत होतं, अंक चमकत होते.

"शाळेतली मूळ संख्या आठवते?"

"जिला एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच भाग जातो. त्यापुढचं सगळं परीक्षा संपल्यावर विसरले."

"पुरे आहे तेवढं. ही मूळ संख्या आहे. हिला कुणी वाटून घेऊ शकत नाही. आता बघा…" त्याने तळव्याने शेवटचा तीन पुसला. "७३९३९१३. हीसुद्धा मूळ." आणखी एक तीन पुसला. "हीसुद्धा." एक गेला, नऊ गेला, तीन गेला… "७३९. मूळ. ७३. मूळ." शेवटी फरशीवर एकटा सात उरला. "आणि सातसुद्धा. शेपटाकडून कितीही कापत जा, जे उरतं ते अखंडच असतं. अशा जातीच्या संख्या मोजक्याच आहेत, आणि त्या सगळ्यांत ही सर्वांत मोठी."

मनी त्या एकट्या सातकडे बघत राहिली. तोही कडेकडेने वाळत चालला होता.

"मग घाबरल्यावर तुम्ही ही म्हणता?"

"लोक श्वास धरून एक, दोन, तीन असं चढत मोजतात. मला त्याचीच धास्ती वाटते… आकडा वाढला की वाटतं, हवा संपली, आता गेलो. ही म्हणताना आकडे कमी होत जातात. दरवेळी थोडं गमावलं जातं, पण काही बिघडत नाही."

ते शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. पण घरी जाताना ओले केस खांद्यावर टिपकत असताना तिला तेच आठवत राहिलं… थोडं गमावलं जातं, पण काही बिघडत नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे आईचं शिवणाचं दुकान. लोकांचे ढगळ कपडे आत घेणं आणि घट्ट कपडे सैल करणं, हे आईचं काम. वडील मनी लहान असतानाच गेले. तेव्हापासून त्या दोघीच.

"जमतंय का गं?" आईने मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"डोकं बुडवलं आज."

आईचा पाय थांबला. मशीन थांबलं. "किती वेळ?"

"अगं, बाहेरही काढलं!"

आई हसली, पण तिने टाका चुकवला होता. पोरीने जावं, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. पण हल्ली तिच्या हातून बाह्या उलट्या लागत होत्या, आणि ते मनीला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत तिने त्या संख्येच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. हिशेबाच्या यंत्रावर तीनने भागून पाहिलं, सातने, अकराने, तेराने… एकेक करत पार थकेपर्यंत. शेपूट कापून पुन्हा. संख्या काही दाद देईना.

"तुमची संख्या तुटत नाही," पुढच्या तासाला तिने पाण्यात उतरता उतरता जाहीर केलं.

"तुम्ही तपासलीत?" त्याचा चेहरा असा उजळला, जणू कुणी त्याच्या घरच्यांची चौकशी केली असावी.

"दुसऱ्याने दिलेला आकडा आम्ही तपासल्याशिवाय नकाशावर घेत नाही. जहाजं आपटतात."

"बरं झालं. नाहीतर लोक नुसतं 'अरे वा' म्हणतात आणि चहाचं विचारतात."

"चहाचं मीही विचारणार होते…"

तो दांडी सोडून वळला, आणि दांडी सोडल्याचं लक्षात येताच पुन्हा दांडीला चिकटला. मनीला इतकं हसू आलं, की नाकात पाणी गेलं.

तलावाबाहेर चहाचं एक यंत्र होतं. बटण दाबलं की अर्धा कप चहा आणि अर्धा कप फेस. ओल्या केसांनी, क्लोरीनच्या वासाने भरलेल्या हातांत ते कप धरून दोघं भिंतीशी उभी राहायची. तो विचारायचा, समुद्राचा तळ सपाट असतो का? ती म्हणायची, छे हो, तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत, फक्त बघायला कुणी जात नाही. ती विचारायची, कोडं सुटलं नाही तर लोक चिडतात का? तो म्हणायचा, सुटलं नाही तर नाही, सोपं निघालं तर चिडतात. बोलता बोलता चहा निवून जायचा, आणि दोघांपैकी कुणीच निघायचं नाव काढायचं नाही.

आणि पाण्यात… पाण्यात ती आता त्याची संख्या म्हणू लागली होती. डोकं आत, कानांत गुळगुळ आवाज, छातीत धडधड. सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन. मग एक तीन कमी. मग आणखी एक. सातपर्यंत पोहोचली की डोकं वर. एक दिवस ती सातवर आली तेव्हा तिला कळलं, की पाय जमिनीवर नाहीत. ती तरंगत होती! घाबरून ती उभी राहिली, तर तो टाळ्या वाजवत होता… दोन्ही हातांनी.

"दांडी!" ती ओरडली.

"अरे बाप रे!" म्हणत तो मागे झेपावला.

शिट्टीबाईंनी त्या दिवशी तिला खोल बाजूला घेतलं. आणि इथेच खरी कालवाकालव सुरू झाली. मध्ये रंगीत फुग्यांची दोरी होती. दोरीच्या अलीकडे तो, उथळात. पलीकडे ती, जिथे खाली पाहिलं तर निळ्याशिवाय काही दिसत नाही. ती रोज थोडी पुढे जात होती, तो तिथेच होता. शिकली की ती जाणार होती, हे तिला आधीही माहीत होतं. पण ते असं डोळ्यांना दिसेल, याची तिला कल्पना नव्हती.

एकदा ती दोरीला धरून धापा टाकत होती. तो जवळ आला, दांडी सरली तिथपर्यंत.

"कोडेवाले, तुमच्या संख्येत आणखी एक अंक जोडला तर? शेवटी?"

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "नाही जमत. शेवटी एक लावा, तीनने भाग जातो. सात लावा, पुन्हा तीनने. तीन लावा, नऊ लावा, कुणी ना कुणी येऊन वाटणी करतंच. ही तिथेच संपते. तिच्यापुढे… काही नाही."

"काहीच नाही?"

"काही माणसंही तशीच असतात, नकाशेवाली. जेवढी आहेत तेवढ्यावर धड. वर काही जोडायला गेलं, की मोडायची भीती."

हा संख्येबद्दल बोलतोय, की मला निरोप देतोय?

"आणि आधी लावला तर?" ती जरा चिडूनच म्हणाली. "शेपटीला नाही, तोंडाकडे. सातच्या आधी. ते पाहिलंयत कधी?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "नाही… ते कधी मनातच आलं नाही."

शिट्टी वाजली. ती पाय झाडत निघून गेली.

त्या दिवसापासून मनीला झोप लागेना. कचेरीत ती खोलीचे आकडे दोनदोनदा तपासायची आणि तरी धास्तावायची. परीक्षा तोंडावर आली होती. नापास झाले तर? याची भीती वाटायची. पास झाले तर? याची त्याहून जास्त. वर्षभर समुद्र… आणि इकडे आई उलट्या बाह्या लावत, आणि तो दांडीला धरून. कुणी त्याच्याशी बोलायला नसेल. किंवा, कुणी असेल. हे दुसरं तर अजिबात सोसवेना.

आणि मग तिच्या हातून ते घडलं. सरावाला तलावाची लांबी तिला आता जमायला लागली होती. पण अर्ध्यावर गेली, की ती थांबायची. दोरी धरायची. "दम लागला," म्हणायची. एकदा, दोनदा… शिट्टीबाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं त्याने, चहाच्या यंत्रापाशी.

"आज तुम्ही मुद्दाम थांबलात."

"दम लागला होता."

"दम लागलेल्या माणसाचे खांदे वर येतात. मी तीन वेळा पहिलीत बसलोय, दम लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत." त्याने कप खाली केला. "का थांबलात?"

"नापास झाले, तर जावं लागणार नाही."

"आणि तुम्हाला जायचं नाही?"

"जायचंय हो! खूप जायचंय. दुसऱ्यांनी मोजलेलं किती वर्षं कागदावर उतरवायचं? पण…" तिने कपातल्या फेसाकडे पाहिलं. "पण इथे… इथेही काहीतरी आहे ना."



"तुम्ही राहिलात तर मला आवडेल," तो म्हणाला. शब्द अडखळत, एकेक करून. "फार आवडेल. इतकं, की मी रोज सकाळी उठून तेच मागतो. म्हणूनच सांगतोय… पोहा. मला आवडावं म्हणून तुम्ही अर्ध्यावर थांबलात, तर मी त्या चहाच्या कपात तोंड घालण्याच्या लायकीचाही राहणार नाही."

"म्हणजे? तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय?"

त्याने काहीतरी म्हणायला ओठ हलवले… आणि कप यंत्रावर ठेवून, टॉवेल तिथेच विसरून, तो निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी तो उथळ बाजूला नव्हता. मनीने पुन्हा पुन्हा पाहिलं. कचेरीचे साहेब हातात घड्याळ घेऊन खुर्चीत बसले होते. आई काठावर उभी होती, पदर तोंडाला लावून. तिला कुणी बसा म्हटलं तरी ऐकू जात नव्हतं.

"उगाच इकडे तिकडे बघू नकोस," शिट्टीबाई कानाशी म्हणाल्या. पहिल्यांदाच शिट्टी नव्हती तोंडात. "भिंत समोर आहे. तिकडे जा."

ती उतरली. पाणी हनुवटीला लागलं. सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन… हात, पाय, श्वास. सात तीन नऊ तीन नऊ एक तीन… अर्ध्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग ती जागा आली, जिथे ती रोज थांबायची. शरीराला सवय लागली होती. हात आपोआप दोरीकडे वळला. संख्या डोक्यातून साफ उडाली. सातनंतर काय? नऊ? तीन? नाकात पाणी गेलं, डोळ्यांसमोर निळं फिरलं, आणि काळजात धस्स झालं… बुडाले!

पण बुडाली नाही. संख्या नव्हती, दोरी धरली नव्हती, आणि तरी ती पाण्यावर होती. हे तिला कळायलाही वेळ लागला. मग तिने मोजणं सोडून दिलं. नुसते हात मारत राहिली. वेडेवाकडे, पाणी उडवत, खोकत… आणि बोटं समोरच्या भिंतीला लागली.

वर पाहिलं, तर आई काठावर मोठ्याने रडत होती आणि साहेब घाईघाईने रुमाल शोधत होते.

"तुमचे कोडेवाले वर आहेत," शिट्टीबाई तिला टॉवेल देत म्हणाल्या. "सज्जात. पाठ करून."

ती ओल्या पायांनी जिना चढली. तो खरंच तलावाकडे पाठ करून, भिंतीवरचे नियम वाचत असल्यासारखा उभा होता.

"झालं?" त्याने न वळताच विचारलं.

"झालं."

त्याचे खांदे खाली आले. "बघवत नव्हतं मला." तो वळला. डोळे लाल होते, आणि ते क्लोरीनने नव्हते. "अभिनंदन, नकाशेवाली."

ती थांबली. आता बोलेल, आता बोलेल… त्याने नमस्कारासाठी हात जोडले आणि तिच्या बाजूने जिना उतरून गेला.

त्यानंतर तो तलावावर आलाच नाही. रोज सकाळी मनी वर्तमानपत्रातलं कोडं बघायची, त्यात काही आपल्यासाठी असेल म्हणून. नव्हतं. सामान भरताना ती आईवर चिडायची, मग आईच्या गळ्यात पडायची. "कोण गं तो?" आईने एकदाच विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि आईने पुढे विचारलं नाही. फक्त तिच्या जॅकेटला आतून एक खिसा जास्त शिवला.

निघायचा दिवस ढगाळ होता. जहाज धक्क्यापासून बरंच लांब नांगरलेलं, आणि माणसांना तिथवर नेण्यासाठी एक छोटी मोटारहोडी होती. आईला धक्क्यावरच थांबायचं होतं. निरोप घेऊन मनी होडीत उतरली. होडीवाल्याने दोर सोडायला हात घातला, आणि…

"थांबा! एक मिनिट… थांबा हो!"

तो धावत आला. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, दाढी वाढलेली. धक्क्याच्या कडेशी येऊन थबकला. खाली होडी वरखाली होत होती, आणि होडीच्या नि धक्क्याच्या मधे हातभर काळं पाणी.

"येणार आहात का साहेब?" होडीवाला म्हणाला. "सोडून येतो नि परत आणतो. पण लवकर."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मनीच्या तोंडून "नका" निघणार होतं. एवढ्यात त्याने डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. होडी गदकन कलली. तो मनीच्या पायांपाशी जवळजवळ पडलाच. होडीवाल्याने त्याच्या गळ्यात लाइफ जॅकेट अडकवलं, तेही उलटं.

होडी निघाली. तो फळीवर ताठ बसला होता, पाण्याकडे न बघता, थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत. तिच्याकडे इतकं सलग त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही विचारलं होतंत… सातच्या आधी लावला तर?" मोटारीच्या आवाजावर त्याला ओरडावं लागत होतं. "तेच करत बसलो होतो. कागदावर. यंत्राने करायची हिंमत झाली नाही, लगेच उत्तर येईल म्हणून."

"मग?"

"एक लावला, तीनने भाग गेला. दोन लावला… वाटलं जमलं, पण तेरा आडवा आला. तीनला एकोणीसने मोडलं. चार, सात… पुन्हा तोच तीन. सहाला सातने. नऊ बराच तग धरून होता हो, एक्केचाळीसने घात केला."

"आणि पाच? आठ?"

"पाच लावलाय. अजून तुटलेला नाही. कालपर्यंत तरी नाही."

एक लाट होडीच्या बाजूवर आदळली. दोघांवर पाणी उडालं. त्याने श्वास रोखला, पण बोलणं थांबवलं नाही.

"आणि पाचही तुटला तर?"

"मग आठ आहे."

"आणि आठही तुटला तर?"

"तर संख्या सोडून देईन." तो म्हणाला. "तुला नाही सोडणार."

होडीवाल्याने एकदम समुद्राकडे तोंड केलं, त्याला फार महत्त्वाचं काहीतरी दिसल्यासारखं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं. ऐकलं होतं. पण पुन्हा हवं होतं.

"तू म्हणालो. चुकून नाही… ठरवून. त्या सज्जात म्हणणार होतो. मग वाटलं, आता बोललो तर हिला अडवल्यासारखं होईल. घरी गेलो. घरी गेल्यावर वाटलं, न बोलता जाऊ दिलं तर… इतकी भीती मला पाण्याचीही नाही वाटत गं. तू जा. वर्षभर जा. सगळे डोंगर बघ, दऱ्या बघ. पण परत आल्यावर कुणाकडे यायचं, ते आधीच ठाऊक असू दे."

तिला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि जहाज जवळ येत होतं. गंजलेली, उंच, करडी भिंत. वरून कुणीतरी शिडी सोडत होतं. वेळ उरला नव्हता.

"जॅकेट उलटं घातलंयस," ती म्हणाली. तिने त्याच्या गळ्यातलं जॅकेट काढलं, सुलटं घातलं आणि पट्टे एकेक करून आवळले. शेवटचा पट्टा आवळताना तिने कपाळ क्षणभर त्याच्या खांद्याला टेकलं. "मला माहीत आहे कुणाकडे यायचं. केव्हापासूनच माहीत आहे, वेड्या."

मग ती शिडी चढली. एकदाही खाली पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उतरली असती.

वर पोहोचताच मात्र ती कठड्यापाशी धावली. होडी परत निघाली होती. लाटा वाढल्या होत्या, आणि त्या होडीत पोहता न येणारा एक माणूस आखडून बसला होता. होडी वर आली की दिसायचा, खाली गेली की नाहीसा व्हायचा. तिचा प्रत्येक श्वास त्या ठिपक्याला बांधलेला होता. कुणीतरी मागून म्हणालं, चला, सामान खाली ठेवा. तिने ऐकलं नाही.

शेवटी होडी धक्क्याला लागली. त्याला वर चढता येईना. मग मनीला दिसलं, आई पुढे आली. लुगड्याचा काष्टा सावरावा तशी तिने साडी सावरली, वाकली, आणि दोन्ही हातांनी त्या माणसाला दंडाला धरून वर ओढून घेतलं. दोघं समोरासमोर उभी राहिली. इतक्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आईने काहीतरी विचारलं असावं, कारण तो बराच वेळ हातवारे करून सांगत होता. मग आईने त्याच्या शर्टाची चुकीची बटणं सोडून, एक एक करून, नीट लावून दिली.

मनीने डोळे पुसले आणि खाली, आपल्या खोलीकडे गेली.